अहवाल-एकचे धनी

समोरचा माणूस पासवर्ड टाकायला लागला की सोनकांबळे सर त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. नुसती मान फिरवत नाहीत, अख्खे फिरतात. ऑफिसात फिरतात हे एक वेळ समजू शकतं, कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाने तेवढं करावं. पण एकदा चहाच्या गाड्यावर मी मोबाइलमधून चहाचे पैसे द्यायला लागले, तर सर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि चहावाल्याला वाटलं आमचं भांडण झालंय. एका लग्नात नवरीच्या मामाची आकड्यांच्या कुलपाची बॅग उघडेना. सगळं वऱ्हाड बॅगेभोवती जमलं आणि सर एकटेच मांडवाच्या खांबाकडे तोंड करून. मामांनी वैतागून आकडा मोठ्याने सांगितला तेव्हा सरांनी कानांवर हात ठेवले.

“ताई, दिसलं की डोक्यात राहतं,” असं त्यांचं म्हणणं. “दुसऱ्याची चीज आपल्या डोक्यात कामून ठेवायची? जिम्मेदारी हाय ती.”

आमची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. मुख्य कार्यालय लातूरला, मोठी शाखा नांदेडला आणि तालुक्या-तालुक्यात नमुने गोळा करणारी केंद्रं. मी नांदेडच्या शाखेत रिपोर्ट विभागात बसते. सोनकांबळे सर लातूरहून बदलून आले. मूळचे चाकूरकडचे. उंच, किडकिडीत, शर्ट नेहमी इस्त्रीचा आणि खिशाला दोन पेनं. एक स्वतःचं, एक मागणाऱ्याचं.

ते येण्याआधी आमच्याकडे पासवर्ड म्हणजे लोणच्याची बरणी होती. ज्याला लागेल त्याने हात घालावा. माझा पासवर्ड म्हणजे आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो तंत्रज्ञांना माहीत होता, नमुने घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला माहीत होता, चहावाल्यालाही माहीत होता. एकदा मीच विसरले तेव्हा चहावाल्यानेच मला सांगितला. “घरचंच तर हाय सगळं,” असं आम्ही म्हणायचो. सरांनी पहिल्या दिवशी हे सगळं पाहिलं आणि म्हणे त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं एक वाक्य शाखेत सुरू झालं. “नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. न्हाई जमत.” हे वाक्य ते कुठेही लावत. आमचे व्यवस्थापक बिराजदार साहेब एका दिवाळीत सगळ्यांना चिवडा वाटत होते, “घरी केलाय, घ्या घ्या” म्हणत. सरांनी एक घास खाल्ला, तो कोणत्या दुकानातला आहे ते ओळखलं आणि शांतपणे हे वाक्य म्हणाले. बिराजदार साहेबांचं आणि त्यांचं तेव्हापासून जरा जपूनच चालतं.

आता माझं सांगते, त्याशिवाय सर कळणार नाहीत. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. आई किनवटला असते, मावशीबरोबर. वडील तिकडच्या आश्रमशाळेत मास्तर होते. ते गेल्यावरही आईने गाव सोडलं नाही. झटक्यानंतर हात हळूहळू हलायला लागला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करील, पण खरं काम बोलण्याचं. जवळच्या माणसाने नेमाने समोर बसून बोलत राहायचं. सुरुवातीच्या महिन्यांत जे परत येईल ते येईल, मग अवघड होत जाईल.

मला सुट्टी रविवारची, आणि तीही नावाला. शनिवारी गावोगावचे नमुने येतात. यंत्रं तपासणी उरकतात. रविवारी सकाळी लातूरच्या डॉक्टरीणबाई घरी बसून रिपोर्ट पाहतात, सही करतात. मग एकेक रिपोर्ट उघडायचा, नाव-गाव जुळवायचं आणि ज्याचा त्याच्या डॉक्टरला पाठवायचा, हे काम माझं. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पेशी किती उतरल्या हे सोमवारपर्यंत थांबत नाही. तेव्हा मी दर रविवारी रिकाम्या लॅबमध्ये बसून रिपोर्ट पाठवायची आणि मधूनमधून मावशीच्या फोनवर आईशी बोलायची. पलीकडून आईचा श्वास ऐकू यायचा. बाकी काही नाही.

अशात लातूरच्या कार्यालयाने ठरवलं की रिपोर्ट पाठवायला रोबोट बसवायचा. रोबोट म्हटल्यावर आमच्या झाडूवाल्या बाईंनी त्याच्यासाठी कोपरा मोकळा करून ठेवला होता. प्रत्यक्षात तो नुसता प्रोग्राम. माझ्यासारखाच कॉम्प्युटरमध्ये शिरणार, रिपोर्ट उघडणार, नाव जुळवणार, पाठवणार. शेजारी माणूस बसायची गरज नाही. मी मनातल्या मनात किनवटच्या गाडीचं तिकीटही काढलं.

पण त्यालाही आत शिरायला नाव आणि पासवर्ड लागतो. बिराजदार साहेबांनी हात झटकून सांगितलं, “रेखाताईंच्याच नावावर बसवा की त्याला. काम त्यांचंच हाय. दोन मिनिटांत होतंय.”

“न्हाई,” सोनकांबळे सर म्हणाले.

“आता काय न्हाई?”

“त्याचं स्वतंत्र खातं काढावं लागतंय. कोण्या माणसाचं न्हाई, फक्त त्या कामाचं. सर्व्हिस अकाउंट म्हणतात. पंधरा-वीस दिवस लागतील.”

खरं सांगायचं तर मी तेव्हा बिराजदार साहेबांच्या बाजूची होते. पंधरा-वीस दिवस म्हणजे माझे आणखी काही रविवार. मी सरांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, “सर, माझ्या नावाला काही होत नाही. बसवून टाका. इकडे आईचे सुरुवातीचे महिने वाया चाललेत.”

त्यांनी मला खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले.

“ताई, ते तुमच्या नावानं आत जाईल. मंग कुठं अडलं की विचारणार कोणाला? तुमालाच. ओटीपी येणार तुमच्या मोबाइलवर. किनवटच्या रस्त्याला रेंज हाय का? पासवर्डची मुदत संपली की ते बसणार गप्प, आणि बिराजदार साहेब तुमाला भोकरलाच गाडीतून उतरवून परत बोलावणार. माणसाच्या नावावर यंत्र ठेवलं की माणसाला सुट्टी न्हाई. मला तुमाला अख्खा रविवार द्यायचाय. उसना न्हाई.”

मग त्यांनी विचारलं, “माय काय काय बोलतात आता?”

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाले, आणि कामाला लागले.

पुढचे दिवस शाखेत नुसती करमणूक होती. नवं खातं काढायचं तर कर्मचारी क्रमांक लागतो. क्रमांक हवा तर वडिलांचं नाव, जन्मतारीख, रक्तगट भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. सगळे म्हणाले, काहीही भरा. ड्रायव्हरने स्वतःचा रक्तगट देऊ केला. सर ऐकेनात. “ज्याला रक्तच न्हाई त्याचा गट लिहायचा? आणि तोही रक्ताच्या लॅबमधी?” त्यांनी लातूरला फोनावर फोन केले आणि शेवटी ‘माणूस नसलेले’ असा वेगळा वर्गच काढायला लावला.

नावाचंही तसंच. आम्ही चांगली चांगली नावं सुचवली. सर म्हणाले, “माणसाचं नाव द्यायचं न्हाई. उद्या ह्याच्या हातून चुकी झाली तर त्या नावाचा माणूस खाली-पिली बदनाम होतो.” शेवटी नाव पडलं ‘अहवाल-एक’.

त्याला काय दिसावं आणि काय दिसू नये, यावर त्यांनी चार दिवस घालवले. रिपोर्ट वाचता येईल, पाठवता येईल. आकडा बदलता येणार नाही. बिलं दिसणार नाहीत. आमचे पगार तर नाहीतच. “पाहुण्याला बैठक दाखवायची, कोठी न्हाई,” सर म्हणाले. आणि मग एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आम्हाला वाटलं मुलीकडे काही गोड बातमी असेल, त्यांची एकुलती एक मुलगी नागपूरला दिलेली. तर म्हणाले, “अहवाल-एकचा पासवर्ड तयार झाला. कॉम्प्युटरनंच केला, कॉम्प्युटरनंच कुलपात ठेवला, बदलणार बी तोच. ताई, हा पासवर्ड दुनियेत कोणालाच माहीत न्हाई.” इतका आनंदी माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही.

एकच गोष्ट राहिली होती. अशा खात्याला एक जबाबदार माणूस लागतो. रोबोट अडला की त्याच्या मोबाइलवर निरोप जातो, आणि तो कुठेही असला तरी पुढचं त्याने पाहायचं. सर त्याला धनी म्हणत. “धनी कोण?” असं विचारत ते टेबलाटेबलाशी गेले. सगळ्यांना अचानक कामं आठवली. बिराजदार साहेब म्हणाले, “मला बीपी हाय.” शेवटी सरांनी स्वतःचं नाव घातलं. धनी दोन असावेत, एक गैरहजर असला तर दुसरा हवा, हा नियमही त्यांचाच. पण दुसरी जागा रिकामीच राहिली.

आणि मी किनवटला जायला लागले. रविवारी सकाळी गाडीत बसायचं, आईजवळ दिवसभर बोलायचं, संध्याकाळी परत. फोन एकदाही वाजला नाही. मी आईला काय काय सांगायची! वडिलांच्या शाळेतल्या गोष्टी, लॅबमधल्या गमती, अहवाल-एकला लातूरहून आलेली नोटीस. हो, नोटीस आली होती. अंगठ्याची हजेरी न लावल्याबद्दल ‘श्री. अहवाल-एक’ यांना. सरांनी उत्तर पाठवलं होतं, ‘सदर कर्मचारी रोज कामावर हजर असतो. त्यास अंगठा नाही. कळावे.’ त्यावर लातूरने अंगठा नसल्याचा दाखला मागवला होता. हे ऐकून आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. मावशी म्हणाली, हसली बघ.

मग एका रविवारी खिडकीकडे बघत आई म्हणाली, “ऊन.”

सोमवारी मी हे सरांना सांगितलं. तेव्हापासून त्यांची नवी सवय लागली. दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी यायचं आणि हळूच विचारायचं, “ताई, नवा शब्द?” पाणी. शेंगा. गाय. ‘रेखा’ आला त्या सोमवारी त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. एकदा दुधात तोंड घालणाऱ्या मांजराला आईने “मुडदा” म्हटलं. सर फार खूश झाले. “शिवी आली म्हंजे तबियत सुधरून राहिली, ताई.” पण शब्दाला शब्द लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, एवढं आलं हेच पुष्कळ. वाक्याची खात्री देता येत नाही. मी जात राहिले.

एका शनिवारी आईच्या हाताला चोळायचं तेल माझ्या खणात राहिलं. रविवारी सकाळी स्टेशनकडे जाता जाता ते घ्यायला लॅबकडे वळले. फाटकावर वॉचमन शेखचाचा पेपर वाचत होते.

“किल्ली द्या चाचा, दोन मिनिटं,” मी म्हटलं.

“किल्ली कायको? साब अंदर हैं ना. हर इतवार आते.”

मी आत गेले. अहवाल-एकच्या कॉम्प्युटरसमोर सोनकांबळे सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, शेजारी डबा. पडद्यावर रोबोट नुकताच जागा झाला होता. त्याचं नाव आपोआप उमटलं, आणि खालच्या चौकटीत पासवर्डचे ठिपके उमटायला लागले. त्याबरोबर सर उठले आणि पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. फिरले ते नेमके माझ्यासमोर.

मला हसू फुटलं. सर मात्र चोरी पकडल्यासारखे उभे होते.

“सर, हे काय करून राहिलात? ह्याला तर माणूस लागत नाही ना?”

“न्हाई लागत,” ते म्हणाले. मग खाली बसून सांगायला लागले. पहिल्याच रविवारी सकाळी धन्याच्या मोबाइलवर निरोप आला होता, रोबोट बंद. सर धावत आले. शेखचाचांनी शनिवारी संध्याकाळी या खोलीचा मेन स्विच खाली ओढून ठेवला होता. खोलीत माणूस नाही तर यंत्र कुणासाठी चालू, असा त्यांचा सरळ हिशेब. भारनियमनात केस पांढरे झालेला माणूस, रिकाम्या खोलीतला दिवाही त्यांना सोसत नाही. सरांनी स्विचवर चिकटपट्टी लावली. पुढे आणखी एका रविवारी कॉम्प्युटर स्वतःच मध्ये बंद होऊन सुरू झाला आणि रोबोट दारातच अडून राहिला. त्या दोन्ही रविवारी सरांनी सगळे रिपोर्ट स्वतः बसून पाठवले होते. त्यांच्या स्वतःच्या नावावरून.

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुमी गेल्या नसत्या.”

खरंच गेले नसते. ‘ऊन’ हा शब्द आला तो त्या दुसऱ्या रविवारचा. मी किनवटला आईच्या उशाशी बसले होते आणि इथे हा माणूस माझ्या खुर्चीत बसून नावं-गावं जुळवत होता.

“पण आता?” मी विचारलं. “आता तर नीट चालतंय ना?”

“आता एकदम बराबर चालतंय.”

“मग?”

सरांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “मिसेस गेल्यापासून घरी रविवार लई मोठा असतो, ताई. सोमवार ते शनिवार निघून जातात. इथं बसलं की कोणीतरी काम करून राहिलंय असं तरी दिसतं.”

त्या दिवशी माझी गाडी चुकली. बसने गेले, उशिरा पोचले. वाटेत मी ठरवून टाकलं होतं.

सोमवारी मी बिराजदार साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि धन्याच्या दुसऱ्या जागेवर त्यांचं नाव लागेपर्यंत उठले नाही. त्यांनी बीपी काढलं, मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, “फोन वाजला तर बघायचं, एवढंच ना? घाला नाव. पण त्या माणसाला म्हणावं मला शिकवायला येऊ नको.” सर अर्थातच शिकवायला गेले. बंद दाराआडून बिराजदार साहेबांचा आवाज येत होता, “कळलं हो, कळलं, मी काय अडाणी हाय का?”

सरांना किनवटला यायला तयार करणं त्याहून अवघड होतं. मोकळ्या हाताने कसं यायचं, मायला तकलीफ कशाला, परक्या माणसासमोर त्या बोलायच्याच थांबल्या तर. “तुम्ही माझ्या आईचे सगळे शब्द ऐकलेत, अजून तिला पाहिलं नाही,” मी म्हटलं. मग ते आले. उदबत्तीचा पुडा, संत्री आणि खिशाला दोन पेनं.

आईच्या पाया पडले. “माय, मी सोनकांबळे. लॅबमधला.” आई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली आणि काही बोलली नाही. जेवायची वेळ झाली तरी नाही. सर अवघडून ओसरीवर बसले, दर थोड्या वेळाने मोबाइल काढून बघत होते. मावशीने अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली. आईने बऱ्या हाताने ताटाकडे बोट दाखवून त्यांना तिसरी भाकरी घ्यायला लावली. जेवण झालं आणि सर ओसरीवरच्या बाजेवर जरा टेकतो म्हणाले. टेकले ते आडवे झाले, मोबाइल छातीवर तसाच.

आईची खुर्ची मी दाराशी आणून ठेवली होती. तिच्या हाताला तेल चोळत होते. एवढ्यात माझा फोन वाजला, बिराजदार साहेबांचा. “सगळे रिपोर्ट गेले, सांगा त्याला,” एवढं बोलून त्यांनी ठेवला. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच मोठ्याने हाक मारली, “सर, गेले बघा सगळे—”

आईने माझं मनगट धरलं. तिची बोटं तेलाने माखलेली होती, तरी पकड घट्ट होती.

“हळू बोल,” आई म्हणाली. थांबली. ओठ जुळवले. “लेकरू झोपलंय.”

मावशी आतून धावत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. बाजेवरचं पन्नाशी उलटलेलं लेकरू तोंड उघडं टाकून घोरत होतं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आवाज न करता रडले.